जरा बाजूला व्हाल का?

स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतून माणसाने काय करावं, याबद्दल आमच्या बँकेत दोन तट होते. एक मुदत ठेववाल्यांचा, दुसरा सोनंवाल्यांचा. मी कॅमेरा घेतला आणि वर्षानुवर्षं भांडणारे हे दोन्ही तट एका टेबलाशी बसून माझ्या बुद्धीबद्दल एकमत करून उठले.

घरचं स्वागतही याहून बरं नव्हतं.

"एवढ्यात स्कूटर आली असती," ही म्हणाली.

"स्कूटर घेऊन जायचं कुठे?"

"मग कॅमेरा घेऊन कुठे जाणार?"

प्रश्न बिनतोड होता. यूट्यूबवर कॅमेरा शिकवणारी जी पोरं आहेत त्यांचं म्हणणं असं, की नवख्याने एक विषय धरावा. पक्षी, नाहीतर शहर. पक्ष्यांसाठी पहाटे चारला उठून खाडीच्या चिखलात उभं राहावं लागतं. शहरासाठी पहाटे चारला उठून लोकलमध्ये उभं राहावं लागतं. डोंबिवलीकराला यातलं कशाचं वळण जास्त, हे सांगायला नको. मी शहर धरलं. एका रविवारी मुंबईची एक मानाची जागा, आणि जमेल तेव्हा स्कायलाइन. फोटोत माणूस मात्र नको. हे शेवटचं कलम माझं स्वतःचं. तीस वर्षं काउंटरवर बसलेल्याला निदान फोटोत तरी माणसं नको असण्याचा हक्क आहे.

स्कायलाइनला मराठीत 'गगनरेषा' म्हणतात. हा शब्द मी एकदा घरात वापरून पाहिला. हिला ते नव्या गृहसंकुलाचं नाव वाटलं. "बुकिंग सुरू झालं का?" तिने विचारलं. तेव्हापासून आम्ही 'बिल्डिंगांचा फोटो' असं म्हणतो.

आणि या बिल्डिंगांची गंमत अशी, की मुंबईत राहणाऱ्याला त्या एकत्र कधी दिसतच नाहीत. दादरला उभं राहून मान वर केली तर दिसते समोरच्या चाळीची पाण्याची टाकी आणि तिच्यावर वाळत घातलेली गोधडी. मुंबई अख्खी पाहायची तर मुंबई सोडून पार पाण्याशी जाऊन बसावं लागतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर, वांद्र्याच्या किल्ल्यावर, वरळी कोळीवाड्याच्या टोकाला, नाहीतर एलिफंटाच्या लाँचमध्ये. तिथून ती छान दिसते. तिथून लोकलही दिसत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

पहिला रविवार गेटवेचा. सूर्याच्या आधी पोचलो. गेटवे समुद्राकडे तोंड करून उभा आहे, म्हणजे शहराकडून जाणारे आपण सगळे त्याच्या पाठीचेच फोटो काढत असतो. सूर्य उगवतो तोही त्याच्या पलीकडे. त्यामुळे सकाळच्या फोटोत कमान काळीकुट्ट आणि कडा तेवढ्या सोनेरी अशा येतात. जाणकार याला सिल्हूट म्हणतात. हिने फोटो पाहून "करपला का?" म्हणून विचारलं.

गेटवेबद्दल मला जुना जिव्हाळा आहे, कारण वेळेवर पुऱ्या न होणाऱ्या मुंबईतल्या कामांचं ते आद्यपीठ. पाचवे जॉर्ज १९११च्या डिसेंबरात इथे उतरले तेव्हा त्यांना कमानीचं पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवण्यात आलं. कोनशिला बसली १९१३ मध्ये, जॉर्ज विटेटच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ला. म्हणजे पाहुणे जेवून, हात धुऊन, आपल्या घरी पोचून तेरा वर्षं झाल्यावर आपल्या दाराला तोरण. बरं, ते दार वापरलं किती? चोवीस वर्षं पुरी व्हायच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ला, गोऱ्यांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. स्वागताचा खर्च निरोपाच्या खात्यावर वळता झाला. बँकेत याला आम्ही जमाखर्ची नोंद म्हणायचो.

गेटवेवरच्या फोटोग्राफरांची जमात मात्र मानली पाहिजे. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत छोटा प्रिंटर आणि हातात नमुन्यांची चळत. त्यातल्या प्रत्येक नमुन्यात कोणीतरी ताजचा घुमट चिमटीत धरलेला. इतक्या लोकांनी चिमटीत धरूनही १९०३ पासून हे हॉटेल जागचं हललेलं नाही, याचं श्रेय बांधणाऱ्यांना. माझा कॅमेरा त्यांच्यापेक्षा महाग होता, पण मला फोटो काढायला पंधरा मिनिटं लागत होती आणि त्यांना पंधरा सेकंद. त्यांच्यातला एकजण बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "नया है क्या? कार्ड किधर है?"

त्याला समजावतो आहे तोवर लातूरकडचं एक कुटुंब पुढ्यात येऊन ओळीने उभं राहिलं. आजोबा, आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. आजोबांनी टोपी सारखी केली.

"फोटो कसा दिलाय?"

"मी फोटोग्राफर नाही हो."

आजोबांनी माझ्याकडे, कॅमेऱ्याकडे आणि ट्रायपॉडकडे क्रमाने पाहिलं. "मग हे काय हाय?"

"म्हणजे फोटो काढतो. पण माणसांचे नाही. गेटवेचा काढतोय."

"गेटवे पैशे देतो का?"

मी निरुत्तर झालो. ते सहाजण पंधरा सेकंदवाल्याकडे गेले. जाताना सुनेने माझ्याकडे जी नजर टाकली तीत, दुकान उघडून गिऱ्हाइकाला नाही म्हणणाऱ्या माणसाबद्दलची काळजी होती.

त्या सकाळी 'जरा बाजूला व्हाल का?' हे वाक्य मी चाळीस वेळा तरी म्हटलं असेल. मराठीत, हिंदीत आणि दोन फ्रेंच बायकांना हातवाऱ्यांनी. शेवटी कबुतरांना म्हणालो. माझं ऐकणारी तेवढीच निघाली. सगळी एकदम उडाली आणि फोटोत गेटवेच्या जागी पंख आले.

माणसं घालवायची युक्ती मला इतिहासात सापडली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले हौशी छायाचित्रकार. त्या वेळी फोटो उमटायलाच इतका वेळ लागे, की चालणारा माणूस तोवर समोरून निघूनही जाई आणि त्याचा मागमूस राहत नसे. जुन्या मुंबईचे रिकामे रस्ते पाहून "अहाहा, काय निवांत शहर होतं!" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माणसं होती. चालत होती.

हे आजही जमतं. भिंगावर काळी काच चढवायची, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि तीस सेकंद शटर उघडं ठेवायचं. हलणारं सगळं विरघळतं, न हलणारं तेवढं राहतं. मी हा प्रयोग सीएसएमटीसमोर केला. (१९९६ पर्यंत व्हीटी, मग सीएसटी, २०१७ पासून सीएसएमटी. माझ्या संगणकात तिन्ही नावांच्या फोल्डरांत एकच इमारत आहे. टॅक्सीवाल्याच्या लेखी ती अजून व्हीटीच.) फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने हे स्टेशन १८७८ पासून दहा वर्षं खपून उभं केलं. समोर महापालिकेची जी इमारत आहे तीही त्याचीच, १८९३ची. त्या चौकात माणसाने कुठेही तोंड केलं तरी स्टीव्हन्सलाच नमस्कार होतो.

शटर दाबलं. तीस सेकंद श्वास धरला, खरं तर त्याची गरज नसते. मग पडदा पाहिला. बेस्टच्या बस गेल्या, टॅक्सी गेल्या, कसाऱ्यापासून कर्जतपर्यंतची सगळी जनता धुक्यासारखी विरून गेली. घुमट, घुमटावरची प्रगतीची मूर्ती, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, सगळं लख्ख. आणि ऐन मधोमध, बुबुळांसकट स्पष्ट, हातात वडापाव धरलेला एक गृहस्थ. मुंबईत कोणी तीस सेकंद एका जागी उभं राहत नाही, हे माझं शास्त्र होतं. समोर कॅमेरा दिसला की राहतं, हे शास्त्रात नव्हतं. त्या भल्या माणसाने तीस सेकंद घासही चावला नव्हता. फोटो हलेल म्हणून.

आता ट्रायपॉडबद्दल. या शहरात फोटोबद्दलचे जे नियम आहेत ते फोटोबद्दल नसून पायांबद्दल आहेत. फोर्टातल्या एका जुन्या दगडी इमारतीसमोर मी ट्रायपॉड उघडला. आजूबाजूला शंभरएक लोक मोबाइल उंच करून त्याच इमारतीचे फोटो काढत होते. काही जण आडवे झोपून काढत होते. सुरक्षारक्षक त्या सगळ्यांना ओलांडून थेट माझ्याकडे आला.

"साहेब, हे चालत नाही."

"अहो, हे सगळे काढतायत की."

"ते मोबाइल आहे."

"मग कॅमेऱ्याला बंदी आहे का?"

"कॅमेऱ्याला नाही. ह्याला." त्याने ट्रायपॉडकडे बोट दाखवलं. "तीन पाय आहेत ना."

"एक पायाचा असला तर?"

तो विचारात पडला. प्रश्न त्याला नवा होता आणि तो प्रामाणिक माणूस होता. "एकाचं वर विचारायला लागेल," तो म्हणाला.

परवानगी कोणाची लागते, याचा शोध घेत मी तीन टेबलांवर फिरलो. तिसऱ्या टेबलाने पहिल्याकडे पाठवलं. ही पद्धत मला अपरिचित नव्हती, आयुष्यभर मी दुसरं टेबल होतो. परत आलो तर रक्षक माझीच वाट पाहत होता. इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, माझा एक काढा की. वर्दीतला. स्थळं बघतायत घरचे."

मी त्याला सावलीत घेतलं, चेहऱ्यावर मऊ उजेड येईल असं.

"इथं नको," तो म्हणाला. "मागं बिल्डिंग येऊ द्या. पगार मोठा वाटतो."

ट्रायपॉड न उघडता काढलेला तो माझा त्या इमारतीचा एकमेव फोटो. बरा आला आहे. पुढे लग्न जमल्याचा मेसेज आला, त्यामुळे इमारतीचं काम झालं असं समजायला हरकत नाही.

एशियाटिकच्या पायऱ्यांवर मी फार थांबलो नाही. १८३३चा टाऊन हॉल, समोर डोरिक पद्धतीचे आठ भव्य खांब, तीस पायऱ्या आणि रविवारी सकाळी जवळजवळ प्रत्येक पायरीवर लग्न ठरलेलं एक जोडपं. मुलीच्या लाल झग्याचा शेपटा चार पायऱ्या खाली, तो उडवायला एक मावसभाऊ, आणि फोटोग्राफर ओरडतोय, "सर, मॅडमकडे बघा, मोबाइलकडे नको." माझ्या रिकाम्या खांबांच्या स्वप्नाला तिथे जागा नव्हती. एका मावसभावाने उलट मलाच झग्याचं टोक धरायला दिलं.

वांद्र्याची गोष्ट थोडी नाजूक आहे. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेल्या किल्ल्याच्या पडक्या तटावरून वांद्रे-वरळी सागरी सेतू अप्रतिम दिसतो. २००९ मध्ये तो सुरू झाला तेव्हापासून मुंबईचं कॅलेंडर त्याच्याशिवाय छापून निघालेलं मी पाहिलेलं नाही. ५.६ किलोमीटर लांब. त्याच्यावर थांबायला मनाई, चालायला मनाई, दुचाकीला मनाई. म्हणजे ज्याला तो पाहायचा आहे त्याने त्याच्यावर जाऊ नये, हे उत्तम. पण किल्ल्यावरून सेतू पाहणारे एकटे आपण नसतो. तिथल्या खडकांवर संध्याकाळी जे जमतात ते सेतूकडे पाठ करून, एका छत्रीत दोघं असे बसतात, आणि ऊन-पाऊस नसला तरी छत्री असते. अशा ठिकाणी पिकलेल्या मिशांचा माणूस हातभर लांबीची लेन्स घेऊन डोळा मिटून बसला तर तो पुलाचे खांब मोजतोय, यावर कोण विश्वास ठेवणार?

एक पोरगा तावातावाने आला. "अंकल, डिलीट करो."

मी त्याला फोटो दाखवला. आकाश, सेतू, समुद्र आणि खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढे दोन ठिपके. तो शांत झाला. मागून मुलगी आली, तिने डोळे बारीक करून पडदा पाहिला आणि हिरमुसून म्हणाली, "आपण एवढेच दिसतो?" तो माझ्याकडे जास्तच रागाने बघायला लागला. मी सामान आवरलं.

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. दोन ठिपके सोडा, सेतूच्या पलीकडे वरळीच्या डोक्यावर क्रेन होत्या. सात. मग मी आधीचे फोटो काढून पाहिले. प्रत्येकात क्रेन. माणसं हटवण्याच्या नादात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुंबईच्या स्कायलाइनमध्ये सगळ्यांत उंच काय, तर क्रेन. तिला कुठल्या पर्यटनाच्या नकाशावर स्थान नाही, वारसा समिती तिची दखल घेत नाही, आणि तरी तिच्यावाचून या शहराचा एक फोटो निघत नाही. तिला 'जरा बाजूला व्हाल का' म्हणायची सोय नाही, कारण ती खरोखर बाजूला होते. अर्धा गोल फिरून परत येते.

एके काळी राजाबाई टॉवर हा मुंबईच्या गगनाचा मालक होता. १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, अट एकच, की आईचं नाव द्यायचं. आराखडा काढला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने. तो मुंबईला कधी आलाच नाही, म्हणून तर एवढ्या शांत डोक्याने काढू शकला. उंची २८० फूट. समुद्रावरून येणाऱ्याला लांबून तो मनोरा दिसायचा. आता ओव्हल मैदानावरून झाडांच्या वर मी त्याला बरोबर पकडतो, पण लाँचमधून शोधायला गेलो तर लेन्स अख्ख्या दक्षिण मुंबईवर फिरवावी लागते. तिकडे लोअर परळला, गिरणीच्या जमिनीवर, वर्ल्ड वन नावाची इमारत उभी आहे. तिची उंची २८०. मीटर. आकडा तोच राहिला, फुटांचे मीटर झाले, एवढीच दीडशे वर्षांतली वाढ. चिमणी काढून तिच्या जागी जे उभं राहिलं त्यातून धूर येत नाही. मेंटेनन्सचं बिल येतं म्हणतात.

पावसाळ्यात सगळं बंद. म्हणजे दिसतं तेव्हाच सगळ्यांत छान. पाऊस थांबून गेल्यावरची ती वीस मिनिटं, जेव्हा हवा धुतल्या ताटासारखी असते आणि लांबचे डोंगरही जवळ येऊन बसल्यासारखे वाटतात. पण मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. लोणच्याला धरते तशीच, फक्त लोणचं टाकून देता येतं. त्यावर उपाय म्हणून चपलांच्या खोक्यांतल्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या मी नातेवाइकांकडून मागून आणल्या. ओळखीतल्या एकाने तांदळाचा सल्ला दिला, म्हणून लेन्स तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. हिने ती वाटीने मोजून भाताबरोबर काढली. कुकरमध्ये जाण्याआधी लक्षात आलं, हे आमच्या संसारातलं मोठं यश.

दिवाळीनंतर मिरजेहून मामा आले. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं आणि खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेला एक फोटो.

"बाळ्या, तू म्हणं आता फोटोतला मोठा माणूस झालास," ते म्हणाले. "ह्यो परत काढून दे."

फोटो १९७८चा. मलबार हिलवर, कमला नेहरू पार्कच्या कठड्याशी. बाबांनी ऑफिसातल्या कोणाचा तरी आगफा क्लिक थ्री मागून आणला होता. एका रोलवर बारा फोटो यायचे. एक खिट्टी ढगाच्या चित्रावर नाहीतर सूर्याच्या चित्रावर सरकवायची, की संपली फोटोग्राफी. बारापैकी तीन आले, त्यातला हा एक. मामा एकतीस वर्षांचे, पायघोळ बेलबॉटम, कान झाकतील एवढे केस आणि कल्ले. त्यांच्या बोटाला मी, भोकाड पसरलेला. म्हातारीच्या बुटाला मी भ्यायलो होतो. डावीकडचा अर्धा आकाशभाग म्हणजे बाबांचा अंगठा. मामा तेव्हा लालबागच्या एका गिरणीत कारकुनाच्या मुलाखतीला आले होते. नोकरी मिळाली नाही म्हणून रडतखडत परत जाऊन एसटीत चिकटले. चार वर्षांनी गिरण्यांचा संप झाला आणि तेव्हापासून त्या मुलाखत घेणाऱ्याला ते दसऱ्याला मनातल्या मनात सोनं देतात.

मी मात्र फोटोत त्यांच्या खांद्यामागे बघत होतो. अंगठा आणि बेलबॉटम यांच्या मधल्या फटीत, बाबांच्या ध्यानीमनी नसताना, अख्खं मरीन ड्राइव्ह आलं होतं. पाण्याची कमान, कडेने बुटक्या इमारतींची रांग, टोकाला नरिमन पॉइंटच्या नव्या कोऱ्या उंच इमारती, आणि वर मोकळं आकाश. क्रेन एकही नाही. मी वर्षभर पहाटे उठून जे शोधत होतो ते या गृहस्थांनी ढगाच्या खिट्टीवर काढून ठेवलं होतं.

ग्रँट रोडहून टॅक्सी केली. हँगिंग गार्डनच्या पोटात पाण्याचा मोठा जलाशय आहे आणि त्याच्या डोक्यावर ही बाग, हे मी मामांना सांगितलं. "म्हंजे छपरावर भाजी लावल्यागत," ते म्हणाले. पलीकडे कमला नेहरू पार्क आणि तो बूट. रंग नवा, आकार तोच.

"आत जायचं का?" मी विचारलं.

"फक्त पोरांना सोडत्यात. तुला तवा सोडत होते, तर तू बोंबललास."

सत्तेचाळीस वर्षांनीही मामांच्या आवाजात बुडालेल्या संधीची हळहळ होती.

कठड्याशी पोचलो तेव्हा सूर्य खाली उतरत होता. मी जुना फोटो समोर धरून जागा जुळवायला लागलो. मरीन ड्राइव्हच्या पुढच्या रांगेतल्या त्या बुटक्या इमारती तशाच होत्या. आर्ट डेको म्हणून २०१८ मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलंय, त्यामुळे त्यांना हात लावता येत नाही. पण त्यांच्या मागे, गिरगावच्या डोक्यावर, बाकीच्या मुंबईने टाचा उंचावल्या होत्या. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेतली पोरं बाकावर उभी करतात तशी.

मी पाय मागे-पुढे करत, एक डोळा मिटून गणित करत असताना खांद्यावर कोणीतरी टकटक केलं. कडेवर पोर घेतलेली एक तरुण बाई होती.

"काका, जरा बाजूला व्हाल का? पोराचा काढायचाय. तुम्ही मधे येताय."

झालो. तिच्या फोटोत कोपऱ्यात माझं कोपर नक्की आलं असणार.

दिवे लागले. समुद्राच्या कडेने एकेक करत तो राणीचा हार उमटत गेला. मामा डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. "तवाबी पिवळेच होते," ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की २०१५ मध्ये हे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते. लोक खवळले, सोन्याचा हार मोडून चांदीचा केला म्हणून गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, आणि मग पिवळसर दिवे परत आले.

"कोर्टानं केलं का?" मामांनी कौतुकाने मान हलवली. "आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांच्या सुनेचं कोर्टात दहा वर्षं चाललंय. तिला अजून मंगळसूत्र मिळालं न्हाई."

"मामा, जरा डावीकडे. अजून. मान सरळ."

"मी नीट येतोय का?"

"येताय. मागचं पण सगळं येतंय."

"मागचं मला काय करायचंय? मागचं काय, हितंच राहणार हाय."

हे ते म्हणत असतानाच त्यांच्या मागची क्रेन हळूच वळली. मला ते तेव्हा दिसलं नाही. अंधार पडत होता, मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि माझं सगळं लक्ष त्या वळणाच्या दिव्यांत, ज्यांच्यासाठी मी ट्रायपॉड नसताना श्वास धरून उभा होतो.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. दिवे हललेले, इमारती पुसट, समुद्राचा पत्ता नाही. मामा मात्र टोकदार. भुवईचा एकेक केस मोजता येईल असे. आणि त्यांच्या टकलाच्या बरोब्बर मधोमध, नरसोबाच्या वाडीच्या पुजाऱ्याची शेंडी उगवावी तशी, सरळ आभाळात गेलेली क्रेन. टोकाला लाल दिवा.

मी लाजेने दोन दिवस पाठवलाच नाही. तिसऱ्या दिवशी मिरजेहून फोन आला, तेव्हा पाठवला आणि वर लगेच खुलासाही केला, की मामा, डोक्यातून ते जे निघालंय ती क्रेन आहे. मी संगणकावर पुसून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.

पलीकडे बराच वेळ शांतता. मामा चष्मा शोधत असावेत. मग मामींना हाक, मग दोघांची काहीतरी कुजबुज.

"पुसू नगं," मामा शेवटी म्हणाले. "तेवढंच डोक्यावर कायतरी हाय."